पाडव्याचे गोल तोरण : ग्लिसरीनच्या पानांना सुटलेला घाम

मागच्या नोंदीत ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या आंब्याच्या पानांचे मी बरेच कौतुक केले होते. ती पाने ज्यावर बांधायची, ते गोल तोरणाचे कडे आता तयार आहे. पाने मात्र पाझरू लागली आहेत. सेफ्टी डोअरच्या जाळीला टांगलेल्या नमुन्यावर सकाळी बारीक थेंब जमलेले दिसले, सुतळीवर तपकिरी डाग उतरले होते आणि शेजारी बांधून पाहिलेली साखरेची गाठी चिकट होऊन दोऱ्याला धरली होती.

ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते आणि त्याच गुणामुळे पान सुकूनही लवचिक राहते. कोरड्या हवेच्या गावी हे सोयीचे आहे, परंतु मुंबईत मार्चमध्येही समुद्राची दमट हवा रात्रभर जिन्यात कोंडून राहते आणि पानात मावेल त्याहून अधिक पाणी ओढले गेले, की ते पृष्ठभागावर येते. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी हे नेहमीचे प्रमाण बदलून ग्लिसरीन कमी केले, तेव्हा घाम कमी झाला, पण पानांच्या कडा कुरकुरीत होऊन मोडू लागल्या. देठ ठेचून द्रावणात उभी ठेवलेली डहाळी पूर्ण बुडवलेल्या पानांपेक्षा बरी निघाली, कारण तिच्या पानांवर बाहेरून थर बसत नाही. तरीही पहाटे हात लावला की बोट ओले होतेच. वरून पारदर्शक वॉर्निश फवारून पाहिले, तर ते ओलसर पानावर धरले नाही आणि जिथे धरले तिथे पान प्लॅस्टिकचे वाटू लागले. प्लॅस्टिकचेच लावायचे असते, तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास तयार तोरणांचे ढीग लागलेले असतात.

कडे मात्र मनासारखे जमले आहे. गॅल्वनाइज्ड तारेचे कडे झेंडूच्या भाराने खाली ओघळून लंबगोल होत असे; भिजवून वाकवलेल्या बांबूच्या दोन कामट्या एकमेकींत पिळून सुतळीने आवळल्यावर 12 इंचांचा गोल जराही हललेला नाही. ग्लू गन मी आता कपाटात ठेवली आहे. आंब्याच्या पानाला मुळातच मेणचट आवरण असते आणि त्यावर गरम गोंद थंड झाला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. फुलवाल्यांचा हिरवा फोमही मला नको; त्याचा भुगा कुजत नाही आणि सुतळीने जे काम होते, त्यासाठी त्याची गरज नाही.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली, की कायमचे असायला हवे ते कडे, पाने नव्हेत. कड्याभोवती सुतळीचे सरकफास आधीच बांधून ठेवले, तर पाडव्याच्या सकाळी ताज्या पानांचे झुबके त्यांत सरकवून आवळता येतील आणि पाने मलूल झाली, की बाकी काही न उसवता तेवढीच बदलता येतील. आपल्या नेहमीच्या तोरणात पान दुमडून हीर टोचतात, तीच रीत झुबक्यालाही चालेल आणि पानांची गुंडाळीही होणार नाही. यासाठी कोवळी तांबूस पालवी उपयोगाची नाही, ती तासाभरात मान टाकते. गेल्या हंगामाचे जून, गडद पान हवे. डहाळी तोडताना येणारा चीक हातावर उतू शकतो, म्हणून हातमोजे घातलेले बरे.

त्यामुळे आता बेत असा आहे, की आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फूलबाजारातून डहाळे आणि झेंडू आणायचे आणि झेंडू हिरव्या देठाच्या भागातून सुई घालून ओवायचा, कारण तिथून ओवलेले फूल पाकळ्या सोडत नाही. कडुलिंबाचा तुरा डाव्या अंगाला, तिरपा लावायचा. गाठी सर्वांत शेवटी, पूजेच्या आधी बांधायची आणि ती पानांना टेकू द्यायची नाही. ग्लिसरीनची पाने पुसून, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवली आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना हवा कोरडी असते, तेव्हा ती पुन्हा टांगून पाहीन.