परळचा शिव, दोन कागदांवर

रविवार, रात्री साडेदहा

मेगाब्लॉक असूनही आज म्युझियमला गेलो. (नाव बदलून किती वर्षं झाली, पण आमच्या घरात ते अजून प्रिन्स ऑफ वेल्सच.) लेकीला शाळेसाठी एका शिल्पाचं चित्र काढायचं होतं. मला वाटलं, एखादा छोटासा गणपती निवडेल, अर्ध्या तासात मोकळ्या होऊ. बाईसाहेब फतकल मारून बसल्या त्या परळच्या शिवासमोर.

तिथे आहे ती प्लास्टरची प्रतिकृती. मूळ शिल्प आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर, बारादेवीच्या देवळात. १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचं काम चालू असताना ते सापडलं आणि लोकांनी त्याची पूजा सुरू केली. आजीचं बोट धरून मी त्या देवळात कितीदा गेले असेन. आठवतं काय, तर तेलाचा वास, आणि बाहेर काढलेल्या चपला कोणी नेणार नाही ना ही धास्ती. शिव आठवत नाही. समोर गेलं की हात जोडायचे आणि डोळे मिटायचे, एवढंच ठाऊक. साडेतीन मीटर उंच दगड, तो मी नीट पाहिला आज, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही नक्कल.

पाहिला तो असा. मध्ये एक शिव ताठ उभा. त्याच्या खांद्यांमागून दुसरा वर निघालेला, दुसऱ्यामागून तिसरा. शिवाय खालच्या दोघांच्या अंगातून डावी-उजवीकडे एकेक तिरका फुटलेला. एकूण सात. सगळ्यात वरच्याला मात्र अनेक हात, पंख्यासारखे पसरलेले. पायाशी वाद्यं घेतलेले बुटके गण. नाट्य असं काहीच नाही, कुणी राक्षस मरत नाही, लग्न लागत नाही. नुसतं एकातून दुसरं येतंय. केळीच्या गाभ्यातून पान सरळ वर येतं ना, तसं. ‘एकाचे अनेक होणे’ हे कीर्तनात शंभरदा ऐकलंय; ते दगडात कसं दाखवायचं, हे त्या शिल्पकाराला सुचलं याचंच मला नवल वाटत राहिलं.

घारापुरीचा सदाशिव साधारण त्याच काळातला, सहाव्या शतकाच्या आसपासचा. (त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश समजून फोटो काढणारे लाँचमध्ये दर वेळी भेटतात. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत हो! आपल्या डावीकडचा उग्र भैरव, उजवीकडचं कोमल, हातात कमळ असलेलं.) पण तो आत ओढतो. मिटलेले डोळे, मागे काळोख, आपणही आपोआप हळू बोलायला लागतो. परळचा शिव उलट, वर ढकलतो. मान मागे टाकून बघता बघता माझा मणका कुरकुरायला लागला. कुणाला घारापुरीचा थोर वाटेल, वाटो. आज तरी माझं मत परळला. यात थोडा गाववाल्यांचा अभिमान आहे, कबूल.

लेकीची मात्र पंचाईत झाली. तिने खालचा शिव छान ऐसपैस काढला, दागिन्यांसकट. दुसरा जेमतेम बसला. तिसऱ्याची हनुवटी आली आणि कागद संपला. “आई, हा संपतच नाहीये,” म्हणाली. मी म्हटलं, खोड आणि लहान काढ. तर म्हणे, “लहान काढला तर तो वाढतोय असं कसं दिसेल?” मी गप्प.

घरी येऊन तिने वर दुसरा कागद सेलोटेपने जोडला आणि सगळे हात पूर्ण केले. एक हात जास्त झालाय बहुतेक. चित्र फ्रिजवर लावलंय, पण फ्रिज पुरला नाही. वरचा शिव पंख्याच्या वाऱ्याने सारखा पुढे वाकतोय. मंगळवारी तिला बारादेवीला न्यायचं ठरलंय. वही घेऊन येणार म्हणते.