मायक्रोडिझ्नी ऐकायचं तर संकलनापासूनच का?

अल्बम तोडून ऐकू नये, असं मी येईल त्याला सांगत असते. पण मायक्रोडिझ्नी या आयरिश बँडचं नाव निघालं की मीच ‘डॉन्ट स्क्वेअर टू एल्सव्हेअर’ हे २००७ साली आलेलं दोन सीडींचं संकलन पुढे करते, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: याच बँडला वेगळा न्याय का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

डॉन्ट स्क्वेअर म्हणजे आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क शहरातला चौक. पॅट्रिक स्ट्रीट आणि ग्रँड परेड तिथे मिळतात. कॅहल कॉक्लन आणि शॉन ओ'हेगन यांनी १९८० मध्ये याच शहरात बँड सुरू केला. पुढची काही वर्षं कॉर्कला फार वाईट गेली. १९८३ मध्ये डनलॉपचा कारखाना बंद पडला, १९८४ मध्ये फोर्डचा. हाताला काम नाही म्हणून जी पोरं बोटीनं इंग्लंड गाठत होती, त्यांच्यासारखेच हे दोघंही १९८३ मध्ये लंडनला गेले. संकलनाचं नाव वाचलं तरी हा प्रवास कळतो: डॉन्ट स्क्वेअरपासून दुसरीकडे कुठेतरी.

बँड जेमतेम आठ वर्षं टिकला, पण त्याची गाणी तीन घरी विखुरली. ‘हॅलो रास्कल्स’सारखी सुरुवातीची सिंगल्स काबुकी या छोट्या लेबलवर, मग रफ ट्रेड, मग व्हर्जिन. ड्रम मशीनवर केलेली पहिली गाणी आणि लेनी के यांच्या निर्मितीतला १९८७ चा ‘क्रुकेड माइल’ शेजारी ठेवले, तर नवख्याला हे दोन वेगळे बँड वाटतील. शिवाय संकलन या बँडला परकंही नाही. १९८४ मध्ये त्यांनी आपली आधीची गाणी गोळा करून एक रेकॉर्ड काढली आणि तिला नाव दिलं ‘वुई हेट यू साउथ आफ्रिकन बास्टर्ड्स!’. वर्णभेदी राजवटीला दिलेली ही शिवी थेट कव्हरवर होती. नंतर हीच रेकॉर्ड ‘लव्ह युअर एनिमीज’ या नावानं निघाली. आत मात्र सगळं हळुवार, जवळजवळ अंगाईच्या चालीवर चाललेलं. राग आणि गोडवा यांचं हे नातं कळलं की बँड कळला.

मायक्रोडिझ्नीला पोस्ट-पंकमध्ये, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या संगीतात गणतात. पोस्ट-पंक म्हटल्यावर आपण खरखरीत गिटार आणि ओरडणारा गायक गृहीत धरतो. पण त्यांचं ‘बर्थडे गर्ल’ ऐका. ओ'हेगनची गिटार स्वच्छ, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. चाल अशी की दुपारी भांडी घासताना तोंडात यावी. त्यावर कॉक्लनचा खर्जातला भरदार आवाज. तो घाई करत नाही, शब्द चावून चावून टाकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना कान टवकारतात: हा माणूस चिडलाय! ही चीड चालीखाली लपलेली नाही. चाल गोड आहे म्हणूनच ती घरात शिरते. माझ्या मते ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटन-आयर्लंडच्या संगीतात हे इतक्या ताकदीनं फारच थोड्यांनी केलं.

व्यावसायिक यश बेताचंच. ‘टाउन टू टाउन’ हे गाणं ब्रिटिश चार्टवर खाली कुठेतरी दिसलं, ‘३९ मिनिट्स’ हा अल्बम आला आणि १९८८ मध्ये सगळं आटोपलं. पण माझा खरा मुद्दा त्यानंतर सुरू होतो. कॉक्लननं फातिमा मॅन्शन्स काढला आणि तिथे रागाला मोकळं रान दिलं. ओ'हेगननं हाय लामाज काढला. तिथे तंतुवाद्यं आहेत, निवांत गुंफण आहे, आवाज कधी चढतच नाही. दोन्ही बँड मला मनापासून आवडतात. तरीही फातिमा मॅन्शन्सचा ‘व्हिवा डेड पोनीज’ ऐकताना ओ'हेगनची उणीव जाणवते, आणि हाय लामाजचा ‘गिडियन गे’ ऐकताना कॉक्लनची. दोघांना एकमेकांची ओढाताण लागायची, आणि एका बैठकीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळते ती या संकलनातच. एकटा अल्बम त्या ओढाताणीचा फार तर एक टप्पा दाखवतो.

२०१८ मध्ये डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलनं ‘द क्लॉक कम्स डाउन द स्टेअर्स’ या १९८५ च्या अल्बमचा गौरव केला, तेव्हा बँड तीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजला. पुढच्या वर्षी शेवटचे कार्यक्रम झाले, त्यांतला एक कॉर्कमध्येच. मे २०२२ मध्ये कॉक्लन गेला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्यामुळे आता पुन्हा एकत्र येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही; जे ध्वनिमुद्रित आहे तेच आपलं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी संकलन, तेही सलग. मग ‘द क्लॉक’. चेरी रेड या लेबलनं तो २०१३ मध्ये पुन्हा काढलाय. आणि तो मात्र माझ्या नेहमीच्या नियमानं, एकही गाणं न गाळता ऐका.