आर २ च्या पलीकडे

कृष्णविवराचं चित्र काढणारा प्रोग्राम मी लिहितेय. काल रात्री पावणेदोनला त्यातला कॅमेरा क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या, आत गेला आणि चित्र आलं. आर (केंद्रापासूनचं अंतर) १.९, मग १.५, मग १. एकही नॅन, म्हणजे मोजता न आलेला आकडा, नाही! पाच आठवडे काही लिहिलं नव्हतं, कारण रोजची नोंद एकच झाली असती: आर २ ला टेकला की अख्खी फ्रेम वाया. (एककं नेहमीचीच, गुरुत्व स्थिरांक जी, प्रकाशाचा वेग सी आणि विवराचं वस्तुमान एम सगळे १, म्हणजे क्षितिज आर २ वर.)

बाहेरच्या कॅमेऱ्याचं काम दिवाळीतच उरकलं होतं. विवराच्या सावलीची, म्हणजे मधल्या काळ्या गोलाची, त्रिज्या आता नेमकी ५.१९६ येते, म्हणजे २७ चं वर्गमूळ. तो आकडा पहिल्यांदा स्क्रीनवर जुळला त्या रात्री झोप लागली नव्हती. पण आत शिरायचं म्हटलं की श्वार्झशिल्डचं मेट्रिक, म्हणजे न फिरणाऱ्या विवराभोवती अंतर आणि वेळ मोजायचं सूत्र, हात वर करतं. वेळेचा सहगुणक शून्य होतो, त्रिज्येचा अनंत. मी गणनेची पायरी बारीक केली, मग आपोआप बदलणारी पायरी लावली, मग डबलवरून लाँग डबलवर, म्हणजे जास्त अंकी अचूकतेवर, गेले. आर २ च्या आधी थांबून पलीकडे उडी मारूनही पाहिली. त्यात चित्राभोवती वाळू भुरभुरल्यासारखा एक गोल उमटायचा. अंक वाढवले की सुटेल हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की तीन आठवडे दुसरं काही सुचलंच नाही.

सुचलं ते अंबडला, कामावर. आमच्या धातू कापणाऱ्या पाच-अक्षी मशीनवर एक घुमटाकार जॉब (घडवायचा भाग) लागला होता. टूल बरोबर उभं झालं की टेबल फिरवणाऱ्या सी अक्षाला कोन कुठला घ्यावा ते ठरत नाही, आणि टूल जॉबवर केसभर सरकेपर्यंत टेबल अर्धा फेरा मारतं. आमच्यात त्याला सिंग्युलॅरिटीच म्हणतात. ऑपरेटर काका म्हणाले, “मॅडम, जॉबला काही झालेलं नाही. नुसता सी गरागरा फिरतोय.” उपाय ठरलेला आहे, फिक्श्चरमध्ये (जॉब पकडायच्या साच्यात) जॉब काही अंश तिरका बांधायचा. त्या बिंदूवर पृष्ठभाग गुळगुळीतच असतो, आकड्यांची पद्धत तेवढी मोडते. आर २ वरही हेच तर होत नसेल? मी तिथेच मशीनला टेकून उभी राहिले.

घरी येऊन पहिलं काम केलं ते क्रेचमन स्केलर छापायचं. ४८ भागिले आर चा सहावा घात. निर्देशक (जागा आणि वेळ यांना आकडे द्यायची पद्धत) कुठलेही घ्या, हा आकडा बदलत नाही, वक्रता खरी किती ते सांगतो. आर ३ वर ०.०६६. आर २ वर ०.७५. आर १ वर ४८. आर ०.१ वर ४ कोटी ८० लाख. आर शून्यावर अनंत. क्षितिजावर पाऊण! पाच आठवडे मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, तिथे भिंतच नव्हती.

मग पॅनलेव्हे-गुलस्ट्रँड निर्देशक घेतले. पॅनलेव्हे गणितज्ञ, फ्रान्सचे पंतप्रधानही होते. गुलस्ट्रँड डोळ्यांचे डॉक्टर, १९११ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांचं. १९२१ आणि १९२२ मध्ये दोघांनी हे वेगवेगळं मांडलं. क्षितिजावरची अडचण निर्देशकांची आहे, हे मात्र बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ लमेत्र यांनी १९३३ मध्ये दाखवलं. यातली वेळ म्हणजे दुरून निवांत पडत आलेल्या निरीक्षकाच्या घड्याळाची वेळ. आर २ वर काहीच बिघडत नाही.

तरी पहिलं रेंडर रात्रभर अडकलं. आपण किरण कॅमेऱ्यापासून भूतकाळात मागे नेतो. त्यातले काही आतून क्षितिजाकडे सरकत राहतात आणि तिथे पोचतच नाहीत, त्यांचा संवेग तेवढा फुगत जातो. संवेगाने मर्यादा ओलांडली की पिक्सेल काळा, असं लिहिलं आणि चित्र सुटलं. त्या दिशेने येऊ शकला असता तो फार पूर्वी कोसळलेल्या ताऱ्याचा प्रकाश, आणि तो ताम्रसृतीने, म्हणजे तरंगलांबी ताणली जाऊन, केव्हाच विझलेला.

एकही किरण मागे जाऊन आर शून्यावर पोचत नाही, हेही इथेच दिसलं. मी समोर विवराच्या सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे आर शून्यावरच्या अनंत वक्रतेचा, ठिपका काढणार होते, त्यासाठी रंगसुद्धा ठरवला होता. तो आता काढून टाकलाय. आत गेल्यावर आर ही दिशा राहत नाही, वेळ होते. आर शून्य ही समोरची जागा नसून पुढे येणारा क्षण आहे, आणि उद्याची सकाळ आज दिसत नाही.

घनतेबद्दल मागे मी लिहिलं होतं की वस्तुमान भागिले क्षितिजाच्या आतलं घनफळ हा आकडा निरर्थक आहे. ते मागे घेते. श्वार्झशिल्डच्या वेळेत आतल्या घनफळाला धड अर्थ नाही हे खरं, पण या नव्या निर्देशकांत एका क्षणाचं अवकाश सपाट असतं, त्यामुळे शाळेतलं गोलाच्या घनफळाचं सूत्र, चार तृतीयांश पाय आर घन, जसंच्या तसं लागू पडतं. एम ८७ दीर्घिकेच्या मधल्या, साडेसहा अब्ज सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या विवराची सरासरी घनता घनमीटरला सुमारे ०.४४ किलो येते, हवेच्या निम्म्याहूनही कमी. दहा सूर्यांच्या विवराची येते १८ वर सोळा शून्यं. आत पदार्थ असा पसरलेला नसतो, पोकळीच असते. पण क्षितिजावर अंग ताणणारं भरती-बल याच घनतेच्या प्रमाणात असतं. दहा सूर्यांच्या विवरात डोक्यापासून पायापर्यंत ओढीत पृथ्वीच्या गुरुत्वाच्या कोटीपटींचा फरक पडेल. एम ८७ मध्ये क्षितिज कधी ओलांडलं ते अंगाला कळणारही नाही.

या कामासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतंत म्हणून सांगते. गेमिंग कार्डं डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे वर म्हटलेल्या डबल आकड्यांत, अगदीच मंद चालतात. दुकानदार काहीही सांगो, या कामासाठी ते पैसे जास्त कोअरच्या प्रोसेसरवर घाला.

यापुढे फिरतं विवर, म्हणजे गणितज्ञ रॉय केर यांच्या सूत्राचं, घ्यायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता हिशेब केला: असं पडताना क्षितिजापासून आर शून्यापर्यंत आपल्या एककांत चार तृतीयांश एम एवढा वेळ लागतो. एम ८७ साठी तो जवळजवळ बारा तास आहे. आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ४३ लाख सूर्यांच्या विवरासाठी २८ सेकंद! म्हणजे खऱ्या वेगाचा व्हिडिओ होऊ शकतो, घड्याळातला एक सेकंद तो चित्रातला एक सेकंद. केरचं विवर थांबेल. सेकंदाला ३० प्रमाणे ८४७ फ्रेम, एकीला ४० सेकंद धरले तर साडेनऊ तास. वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून प्रत्येक फ्रेम सुटी साठवतेय. शेवटची फ्रेम आर ०.०५ वर थांबवली आहे. आत्ता ६१ वी चालू आहे.