तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुणे हलत का नाहीत?

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." आमच्या सासूबाई ही म्हण ऐन जेवणाच्या पंगतीत म्हणतात आणि मी घाईघाईने कुणाला तरी सोलकढी वाढायला धावते. कारण आमचं घर चालतं ते त्या तिसऱ्या दिवसावरच.

दापोलीकडच्या हर्णैजवळ वाडीत पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आमच्या तीन खोल्या आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते, तोवर खोल्यांवरच भागवायचं ठरलं. गावात ज्यांनी ज्यांनी नव्याने खोल्या काढल्यात ते सगळे मला एकच विचारतात. परवा श्रीवर्धनहून मावसनणंदेचा फोन आला, "वहिनी, तुमच्याकडे शुक्रवारी आलेली माणसं मंगळवारपर्यंत हलत नाहीत म्हणे. आमची रविवारी जेवून पसार. तुम्ही करता तरी काय?"

आधी हे सांगते की मी हे का करते. पाहुणा बदलला की चादरी, अभ्रे, पंचे, न्हाणीघर, खोलीतली वाळू, सगळं पहिल्यापासून. मदतीला येणाऱ्या काकींचा आणि माझा अर्धा दिवस त्यातच जातो. तोच पाहुणा राहिला तर केर काढला की झालं. शिवाय रविवारची रात्र कोकणात कुणालाच विकता येत नाही. म्हणून ती मी निम्म्या दरात देते. रिकाम्या खोलीचे पैसे कुणी देत नाही.

पण नुसत्या सूटवर कुणी राहत नाही. सुरुवातीला मी निघायच्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणायचे, "राहा की अजून एक दिवस." तोवर बॅगा डिकीत गेलेल्या, पोरांना बूट घातलेले. माणसं ओशाळून हसायची, "पुढच्या वेळी नक्की, काकू." एकही राहिलं नाही. जायचं कधी हे माणूस आदल्या दिवशी दुपारीच मनात ठरवून टाकतो. तुमचं काय ते बोलणं त्याच्या आधी व्हायला हवं.

म्हणून पडवीत पाटी टांगली. मुलाची शाळेतलीच, लाकडी चौकटीची. तिच्यावर रोज संध्याकाळी मी दोन रकाने लिहिते, 'उद्या' आणि 'परवा'. पाहुणा उद्या जाणार असला तरी परवाचं लिहायचंच. पहिली ओळ भरतीची. कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ आली. एकादशी म्हणजे अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शहरातल्या माणसांना हे गणित जादूसारखं वाटतं. पोरं तर बोटांवर मोजत दुसऱ्या दिवसाची वेळ काढतात आणि घड्याळ लावून किनाऱ्यावर जाऊन बसतात. मग त्यांना कळतं की अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी उन्हात येते, पण पुनवेकडे ती संध्याकाळी सरकते आणि ऐन सूर्यास्ताला पुळण लांबच लांब उघडी पडते. हे कळलं की पोरंच बापाला विचारतात, "आपण पुनवेपर्यंत का नाही थांबत?" माझं काम तिथे संपतं.

त्याखाली हर्णैचा संध्याकाळचा लिलाव. होड्या लागतात, वाळूत मासळीचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. तिथे उभं राहायलाच तासभर हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ही ओळ पुसून टाकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ल्याच्या कासवांची ओळ येते, पण 'पिल्लं निघतील' असं मी कधीही लिहीत नाही. अंडी वाळूत कधी फुटायची ते ती आपल्या वेळेने ठरवतात. 'निघाली तर' एवढंच लिहिते. खोटं सांगून एक रात्र मिळेल, पण तो माणूस परत येणार नाही.

गेल्या मे महिन्यातलं सांगते. पुण्याचं एक कुटुंब शुक्रवारी रात्री आलं. पडवीच्या कोपऱ्यात एक बरका फणस उतरवून ठेवला होता. पाटीवर लिहिलं: 'परवा – फणस पिकला तर सांदणं.' शनिवारी सकाळी त्या गृहस्थांनी फणसावर टिचकी मारली, टणटण वाजला. संध्याकाळी परत मारली. रविवारी सकाळी ते वाकून नाकानेच हुंगत होते. मला म्हणाले, "वास यायला लागलाय हो." मी म्हटलं, "यायला लागलाय, पण अजून काटे बोथट व्हायचेत." त्यांनी तिथेच ऑफिसला फोन लावला. सोमवारी दुपारी टिचकीचा आवाज बद्द आला. तेल लावलेल्या हातांनी त्यांनीच गरे काढले, तरी कोपरापर्यंत चीक माखून घेतला. गऱ्यांचा रस चाळणीवर काढून त्यात तांदळाचा रवा, गूळ, चिमूटभर मीठ घातलं आणि वाट्या उकडायला ठेवल्या. नारळाच्या दुधात बुडवून त्यांनी सात सांदणं खाल्ली आणि मग झोपले ते दिवेलागणीला उठले. निघाले मंगळवारी.

प्रत्येक घरी मेमध्ये फणस असतो म्हणा. मावसनणंदेकडेही आहे. ती तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून कोठीत ठेवते.

रविवारी दुपारी निघणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते, ती म्हणजे परतीच्या वाटेवरची माणगावची वाहतूककोंडी. जेवून निघालात तर संध्याकाळी तिथल्या रांगेत गाडीत बसून असाल. त्यापेक्षा सोमवारी पहाटे साडेचारला निघा, मी चहा आणि डबा देते. नोकरदार माणसाला हे पटकन पटतं.

एक चूक मात्र करू नका. एकदा मी कौतुकाने "राहा, राहा" म्हटलं आणि दुसऱ्या ॲपवर त्याच खोलीचं बुकिंग पडलेलं होतं, ते बघितलंच नाही. दुपारी एकला कोल्हापूरचं कुटुंब दारात. त्या रात्री त्यांना आमची खोली दिली आणि आम्ही दोघं पडवीत, डासांच्या संगतीत. आता पाटीवर काही लिहायच्या आधी सगळी कॅलेंडरं बघते. ॲपवरून आलेल्याचा मुक्काम ॲपवरच वाढवायचा, तोंडी नाही. एअरबीएनबीवर सात रात्रींपासून आठवड्याची आणि अठ्ठावीसपासून महिन्याची सूट लावून ठेवता येते, ती लावली की लॅपटॉपवाले आपसूक येतात. त्यांना वीज जाते हे आधीच सांगायचं आणि इन्व्हर्टर दाखवायचा.

आणि चौथ्या दिवशी सुरमई पुढे करू नका. तोवर माणसाला वरणभात, मेतकूट, कुळथाचं पिठलं लागतं, आणि कपडे वाळत घालायला एक दोरी.

सगळ्यांनाच थांबवायचं असं मात्र नाही. मार्चमध्ये एक गृहस्थ आले होते. पहिल्याच रात्री चढ्या आवाजात गाणी, सकाळी काकींना "ए बाई". त्या संध्याकाळी पाटीवर मी फक्त 'उद्या' लिहिलं, त्याखाली 'खोली रिकामी करण्याची वेळ – सकाळी १०', आणि परवाचा रकाना ओल्या फडक्याने पुसून टाकला. सासूबाई म्हणाल्या, "आज म्हण म्हणू का?" मी म्हटलं, म्हणा.