जवसाची चटणी कडू का होते?

थंडीत खानापूर-बेळगावकडे डब्यातलं तूप घट्ट बसतं, चमचा रुतत नाही. शेजारचं करडईचं तेल मात्र वाहतंच. फरक मेदाम्लांचा, म्हणजे फॅटी ॲसिडचा. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी, एका टोकाला आम्लगट. तुपातल्या स्टिअरिक आम्लात १८ कार्बन, सगळे एकेरी बंधांनी जोडलेले. साखळ्या सरळ, एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून हे आम्ल साधारण ६९ अंशांना वितळतं. शेंगदाणा तेलातल्या ओलेइकमध्येही १८च कार्बन, पण मधे एक दुहेरी बंध. तिथे साखळी वाकते आणि वितळणबिंदू थेट १३-१४ अंशांवर येतो. एका वाकाने केवढा फरक!

हाच वाक पेशींना जगवतो. पेशीपटल, म्हणजे पेशीचं आवरण, फॉस्फोलिपिड नावाच्या मेद-रेणूंचं बनतं आणि त्यातल्या प्रत्येकाला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात; सगळ्याच सरळ असत्या तर पटल ताठरलं असतं. शिवाय शरीराचं साठवणीचं इंधनही मेदाम्लंच: ग्रॅममागे ९ किलोकॅलरी.

आता जवस. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, म्हणून भाकरीबरोबरची ही चटणी मोलाची. पण त्याला तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, तिथेच हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि चटणी खवट, कडवट होते. अख्ख्या दाण्याला टरफल राखतं. कुटल्यावर ते राखण गेलं. म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, पूर्ण गार करा, आठवड्यापुरतंच कुटा, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवा. आणि जवसाचं तेल तळणीला मुळीच नको.