तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं फोटोंबद्दलच काय बोलता?

विसाव्या शतकातल्या नामवंतांवर कुठे बोललो की शेवटी एक प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर जरा नाराजीचाच असतो. ‘एवढी मोठी माणसं, एवढं मोठं त्यांचं काम, आणि तुम्ही त्यांचे फोटो नि कपडे घेऊन काय बसता?’ याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस देतो.

पहिली गोष्ट म्हणजे, बहुतेकांचं काम आपल्यापर्यंत पोचलेलंच नसतं. पोचलेला असतो तो चेहरा. जीभ बाहेर काढलेले आइन्स्टाइन कोणीही ओळखतं. त्यांतल्या किती जणांना सामान्य सापेक्षता सिद्धांत समजावून सांगता येईल? मला तरी येणार नाही. तेव्हा तो चेहरा आपल्यापर्यंत आला कसा आणि आणला कोणी, हे विचारणं मला फालतू वाटत नाही.

त्या जिभेचंच बघा. १४ मार्च १९५१, आइन्स्टाइन यांचा बहात्तरावा वाढदिवस. प्रिन्स्टनमधला समारंभ आटोपून ते गाडीत मागच्या सीटवर बसले होते. एका बाजूला त्यांच्या संस्थेचे माजी संचालक फ्रँक एडेलॉट, दुसऱ्या बाजूला एडेलॉटबाई. फोटोग्राफरांनी आधीच भंडावून सोडलेलं. त्यात आर्थर सास गाडीपाशी आला आणि आइन्स्टाइननी त्याला जीभ दाखवली. मूळ फोटोत तिघंही आहेत. आपल्याला माहीत असलेल्या फोटोत एकटे आइन्स्टाइन आहेत, आणि गंमत म्हणजे ही काटछाट कुठल्या संपादकाच्या डोक्यातून निघालेली नाही. फोटो आइन्स्टाइनना इतका आवडला की त्यांनी स्वतःच शेजारची माणसं कापून टाकली, प्रती करून घेतल्या आणि ओळखीपाळखीच्यांना पाठवल्या. विसरभोळा, विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ अशी आपण ज्यांची कल्पना करतो, त्यांना आपलं कुठलं रूप जगापुढे जावं हे बऱ्यापैकी कळत होतं.

चॅप्लिनना तर ते चोविसाव्या वर्षीच कळलं होतं. ढगळ पँट, अंगाला आवळलेला कोट, मोठाले बूट, छोटी टोपी, काठी आणि वय जास्त दिसावं म्हणून चिकटवलेली मिशी. या वेषात ते लोकांसमोर पहिल्यांदा आले फेब्रुवारी १९१४ मध्ये, सहा-सात मिनिटांच्या एका मूकपटात. त्यात गोष्ट अशी नाहीच. कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या गाड्यांची खरीखुरी शर्यत चालली आहे, तिचं चित्रण करायला एक कॅमेरावाला आलाय, आणि हा भटक्या पुन्हा पुन्हा मधे येतोय. हाकललं की परत येतो. ढकललं तर पडतो, उठतो, टोपी सारखी करतो आणि पुन्हा भिंगासमोर उभा राहतो. मागची गर्दी खरी आहे. हा कोण बाबा, असे भाव लोकांच्या तोंडावर स्पष्ट दिसतात. वर्ष-दोन वर्षांत त्याच रूपाच्या बाहुल्या दुकानांत विकायला होत्या. शतकातला सगळ्यात मोठा आयकॉन कोण, असा उपप्रश्नही लोक विचारतात. माझं मत चॅप्लिनना. बाकीच्यांचा निदान चेहरा तरी दाखवावा लागतो, यांची नुसती टोपी, काठी आणि बूट चितारले तरी भागतं.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर गांधींकडे यायलाच हवं. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला जाताना, परदेशी कपडे सोडून खादी घ्या असं ते लोकांना सांगत होते, आणि खादी परवडत नाही असं उत्तर ऐकत होते. २२ सप्टेंबरला त्यांनी टोपी आणि अंगरखा उतरवून नुसता पंचा नेसला. सुरुवातीला म्हटलं होतं की निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत तरी असं राहीन. तो पंचा शेवटपर्यंत राहिला. हा निर्णय राजकीय होता, नैतिकही होता. पण तो डोळ्यांना दिसणारा होता, हे आपण सांगायला कचरतो. जणू त्यामुळे त्याचा खरेपणा कमी होईल. मला उलट वाटतं. निरक्षर माणसाला भाषणाशिवाय कळेल असं काही सांगायचं, तर ते अंगावरच घालावं लागतं.

बरोबर दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर १९३१ ला, गांधी आणि चॅप्लिन लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका डॉक्टरांच्या घरी भेटले. गांधी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि मुक्कामाला त्याच कामगार वस्तीत होते. बाहेर रस्ता माणसांनी तुडुंब. चॅप्लिन कोण हे गांधींना आधी सांगावं लागलं, असं त्या भेटीच्या हकिकतींत येतं. चॅप्लिननी थेट यंत्रांना असलेल्या विरोधाबद्दलच विचारलं. गांधींचं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्राशी वैर नाही, पण ज्या यंत्रांमुळे आम्ही इंग्लंडच्या ताब्यात गेलो त्यांचं ओझं आधी उतरवायला हवं. त्या दिवशीच्या फोटोत चॅप्लिन नीटनेटक्या सुटात, पिकू लागलेल्या केसांचे, बिनमिशीचे आहेत. शेजारी गांधी अगदी आपल्या ओळखीचे. एकाचा वेष कामापुरता होता, दुसऱ्याला तो कधीच उतरवता येणार नव्हता. यावर मी तासभर बोलू शकतो, आणि दोन-चार वेळा बोललोही आहे. नाराजी वाढण्यामागे तेही कारण असावं.

हे सगळे स्वतःचं रूप स्वतः ठरवणारे. क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गवेरा, त्याच्या बाबतीत ते ठरवलं इतरांनी. ४ मार्च १९६० ला हवाना बंदरात दारूगोळा घेऊन आलेल्या ‘ला कूब्र’ या फ्रेंच जहाजात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी शोकसभेत आल्बेर्तो कोर्दाने, जो मूळचा फॅशन फोटोग्राफर, चेचे दोन फोटो घेतले. चे क्षणभर व्यासपीठाच्या कडेला आला, दिसला, मागे सरला. कोर्दाच्या वर्तमानपत्राने त्यांतला एकही छापला नाही. कोर्दाने एक कापून, बाजूचा माणूस आणि ताडाच्या झावळ्या काढून, आपल्या भिंतीवर लावला. १९६७ मध्ये फेल्त्रिनेल्ली हा इटालियन प्रकाशक आला, त्याला कोर्दाने प्रती फुकट दिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात चे बोलिव्हियात मारला गेला आणि पोस्टर जगभर लागलं. पुढच्या वर्षी जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्याचं लाल-काळं रूप केलं, तेच आज टी-शर्टवर असतं. कोर्दाने कधी मानधन मागितलं नाही. पण २००० साली एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा दिसल्यावर मात्र तो कोर्टात गेला, आणि तडजोडीतून मिळालेले पैसे क्यूबातल्या आरोग्यसेवेला दिले. क्रांतीसाठी वापरा, दारूसाठी नको, असा त्याचा साधा हिशेब.

हॉलिवूडची नटी मॅरिलिन मन्रो हिची गोष्ट याच वळणाची आहे. ती ऑगस्ट १९६२ मध्ये गेली आणि अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने एका जुन्या प्रसिद्धी-फोटोवरून तिचे चेहरे छापायला घेतले. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही.

आता शेवटचा फोटो, ज्याच्यासाठी मी हा सगळा उद्योग करतो म्हणा ना. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातली बस. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स खिडकीबाहेर पाहत बसल्या आहेत, मागच्या सीटवर एक करड्या चेहऱ्याचा गोरा माणूस. पाहणाऱ्याला वाटतं, यालाच त्यांनी जागा नाकारली. प्रत्यक्षात पार्क्सना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला आणि हा फोटो आहे २१ डिसेंबर १९५६ चा, कृष्णवर्णीयांचा बसवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार संपून बसमधला वर्णभेद उठला त्या दिवशीचा, मुद्दाम बसवून घेतलेला. मागचा गृहस्थ वृत्तसंस्थेचा वार्ताहर, निकोलस क्रिस. शिवाय दमून बसून राहिलेली एक साधी शिवणकाम करणारी बाई, ही जी प्रतिमा झाली, तिच्यात पार्क्स १९४३ पासून नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, हे बसतच नाही.

आणि त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनने जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. पण वय लहान, पुढे ती गरोदर राहिली, तेव्हा तिचा चेहरा पुढे करणं नेत्यांना सोयीचं वाटलं नाही. वर्णभेदाचा तो कायदा ज्या खटल्यामुळे रद्द झाला, त्यातल्या फिर्यादी बायकांमध्ये मात्र कॉल्विन आहे, पार्क्स नाहीत. खटल्याचं नाव ब्राउडर विरुद्ध गेल. कामाबद्दल बोला म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचून यावा; पुढच्या वेळी मी फोटो आणणार नाही, आपण त्याच्यावरच बोलू.