जाहिरातीतल्या पगारावर भरवसा किती ठेवावा?

नोकरीच्या जाहिरातींवरून मी किमान वेतनाचा अभ्यास करते; त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपुरात हेल्पर ओळखीने मिळतो आणि बांधकाम मजूर ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकातून, मग मोबाइलवरच्या नोकरीच्या जाहिराती वाचून किमान वेतनाचा अभ्यास कसा होतो, असे मला अनेक जण विचारतात.

किमान वेतन किती जणांच्या हाती पडते, हे जाहिरातींतून कळत नाहीच. त्यासाठी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण (पीएलएफएस) होते. पण नागपुरातील सुरक्षारक्षकांपुरत्या बारीक प्रश्नाला त्यातला नमुना पुरत नाही. जाहिरातीत मात्र आपण काय द्यायला तयार आहोत, हे मालक स्वतःच्या शब्दांत आणि तारखेनिशी, चारचौघांत सांगतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्यामुळे त्याच कामाच्या आधीच्या आणि नंतरच्या जाहिराती शेजारी ठेवल्या की बदल पोहोचला की नाही, याचा अंदाज येतो. बहुतेकदा आकडा बारा हजार, पंधरा हजार असा गोलच राहतो, आणि सरकारी दर सहसा असा गोल नसतो.

खरी अडचण तासांची आहे. ब्रिटनमध्ये किमान वेतन तासावर ठरते, म्हणून तिथल्या जाहिरातीतला तासाचा दर थेट ताडून पाहता येतो. आपल्याकडे महिन्याचा आकडा असतो. पंधरा हजार रुपये आठ तास आणि सव्वीस दिवसांसाठी असतील, तर तासाला सुमारे ७२ रुपये पडतात. तेच बारा तासांसाठी असतील, तर ४८. हिंगणा किंवा बुटीबोरी या नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यासाठी गार्ड हवा असताना 'ड्यूटी १२ तास' हे शब्द जाहिरातीच्या तळाशी असतात, किंवा नसतातही. त्यात 'इन हँड' लिहिलेले असेल, तर भविष्य निर्वाह निधी कापून की मुळात न भरता, हा प्रश्न उरतोच.

शिवाय जी नोकरी लोक लवकर सोडतात, तिची जाहिरात पुन्हा पुन्हा येते आणि एकच जागा अनेकदा मोजली जाते. इतवारीतल्या दुकानातला वर्षानुवर्षांचा नोकर मात्र या मोजणीत कधीच येत नाही. म्हणून मी एकाच मजकुराच्या जाहिराती एकदाच धरते, तास न दिलेल्या जाहिरातींचा दर अंदाजाने काढत नाही, आणि ठिय्यावरची दिवसाची मजुरी तिथे जाऊनच विचारते.